इंजिनाचं तोंड

कापूस फुटला की लोकांना बरं वाटतं. मला वैताग येतो. आता मी जालन्यात दुसऱ्या मजल्यावर राहते, माझं स्वतःचं म्हणावं असं पऱ्हाटीचं एक झाडही नाही. तरी दिवाळी सरते, पहाटे गोधडी गळ्यापर्यंत ओढून घ्यावीशी वाटते, गाड्यांतून निसटलेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना लटकायला लागतो, आणि माझ्या नाकात कुठूनतरी डिझेलचा धूर येतो. ओळखीच्या बायका या दिवसांत हुरड्याच्या गप्पा काढतात. मला आठवतात ते पंधरा दिवस, आणि आठवले की अजूनही डोकं फिरतं.

आज सकाळी तेच झालं. खाली गल्लीत कुणाचा तरी कापसाचा टेम्पो अडला होता. मालक बॉनेटमध्ये डोकं घालून उभा, आणि दर दोन मिनिटांनी बायकोला सांगत होता, "आता होईल." बायको हाताची घडी घालून नुसती उभी होती. मला वाटलं, खाली जावं आणि तिला सांगावं, बाई गं, एस.टी.नं जा.

मलाही सगळं गाव हेच सांगत होतं.

तेव्हा पेट्रोल नुकतंच महागलं होतं आणि जालना अजून जिल्हा झाला नव्हता. आमचं गाव आष्टीपासून कोसभर. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, फौजेत ड्रायव्हर होते. तिथून सुटून आले आणि लिलावातली एक जुनी जीप घेऊन बसले. तिला दारं नव्हती. टप होता, तो पावसात गळायचा आणि उन्हात फडफडायचा. आबा तिला रोज पुसायचे. माय म्हणायची, "म्हशीला एवढं पुसलं असतं तर दूध तरी वाढलं असतं." गाडी चालायची झकास, पण पेट्रोल पाण्यासारखं प्यायची. भाव चढले तशी ती गोठ्याशेजारी उभी राहिली, आणि कोंबड्या तिच्या सीटखाली अंडी घालायला लागल्या.

त्याच साली आमच्या विहिरीवर लाईट आली. मोटर बसली, आणि इतकी वर्षं धाडधाड करत पाणी उपसणारं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन मोकळं झालं. एक इंजिन मोकळं आणि एक गाडी उभी. आबांच्या डोक्यात जे आलं ते त्या काळी आमच्या भागात बऱ्याच जणांच्या डोक्यात येत होतं. बाकीच्यांनी ते डोक्यातच ठेवलं, आबांनी जीपचं पेट्रोलचं इंजिन काढून विकूनही टाकलं, एवढाच फरक.

आणि नेमकी तेव्हाच माझी ऑर्डर आली. मी डी.एड. होऊन घरी बसले होते, वीस वर्षांची. प्राथमिक शिक्षिका म्हणून नेमणूक, घनसावंगीच्या पुढच्या एका खेड्यात. पंधरा दिवसांच्या आत हजर व्हावं, न झाल्यास नेमणूक रद्द समजण्यात येईल. आमच्या वस्तीतली नोकरी लागलेली मी पहिली मुलगी. पोस्टमननं पाकीट दिलं तेव्हा आबांनी ते उभ्यानं वाचलं, पुन्हा वाचलं, मग गावाच्या नावावर बोट ठेवून बराच वेळ तसेच उभे राहिले. मग ऑर्डरची घडी घालून खाकी शर्टाच्या खिशात ठेवली, वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "जीपनं जाऊ."

"आबा, जीपला इंजिन कुठंय?" मी म्हणाले.

"हाय की. विहिरीवर."

ऑर्डर त्यानंतर पंधरा दिवस त्यांच्या खिशातच होती. शर्ट धुवायला टाकला तरी ऑर्डर दुसऱ्या शर्टाच्या खिशात जायची. मी मागितली की म्हणायचे, "हरवशील." मी, जिनं दोन वर्षं होस्टेलात राहून एक पेन्सिल हरवली नव्हती! राग यायचा, पण आमच्या घरात आबांना उलट बोलायची पद्धत नव्हती. म्हणून मी भांडी आदळायचे. त्या पंधरा दिवसांत आमच्या घरातल्या दोन ताटांना पोचे आले.

कापूस वेचायला माय मला सोबत नेई. सकाळचं दव सुकलं की वेचणी सुरू व्हायची. बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या कडेला टोचायची, पोटाशी बांधलेल्या ओटीत कापूस भरत जायचा आणि फुगून इतका वाढायचा, पण वजन काही वाटायचं नाही. मधल्या ओळींतल्या तुरीला पिवळी फुलं होती. एका बाजूला आमचा गहू पाण्याला आला होता आणि लाईट सारखी जात होती. माय आकाशाकडे बघावं तसं तारांकडे बघायची. "इंजिन राह्यलं असतं तं भिजलं असतं एव्हाना," ती म्हणायची. एकदा तिथंच मी तिच्यावर घसरले. दिवसातून दोन वेळा बस फाट्यावरून जाते, सगळं जग बसनं जातं, यांनाच काय जीपचं एवढं सुचलंय, असं बरंच काही बोलले.

माय वेचता वेचताच म्हणाली, "तुह्या आबाचं आजोळ हाय ते गाव. ल्हानपणी दोन सालं तिथंच शिकले. त्याच शाळेत. भाईर बसून."

"भाईर म्हंजी?"

"भाईर म्हंजी भाईर. पायरीच्या खाली. मास्तर हजेरी घ्यायचा तवा तिथून वरडून ‘हजर’ म्हनायचं. आता तं त्यांच्या मामाचं घर सुदिक न्हाई राह्यलं तिथं. कोन वळखतंय?"

आम्ही धम्म घेतला तेव्हा मी पाळण्यात होते. माझ्या शाळेत मी आत बसले, पुढच्या बाकावर बसले, पहिली आले. ‘भाईर’ हा शब्द मी गोष्टीतल्यासारखा ऐकला. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा वाईट वाटण्याआधी चीडच आली. "मंग एस.टी.नं गेल्यावर ती शाळा मला आत घेणार न्हाई का?" मी म्हणाले.

मायनं मूठभर कापूस ओटीत टाकला. "मला नको इचारू. त्यांना इचार."

विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं असं नाही.

इंजिन विहिरीवरून काढलं तो दिवस मात्र सणासारखा गेला. चार जणांनी बल्ल्या लावून ते उचललं, बैलगाडीत ठेवलं. आबांना फौजेची एक सवय होती, वस्तूवर नाव लिहायचं. आमच्या कणगीवर ‘ज्वारी’ लिहिलेलं होतं आणि पेटीवर ‘पेटी’. तसं त्यांनी लाल ऑईलपेंटनं इंजिनाच्या एका अंगाला मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘तोंड’. नवीन ठिकाणी बसवताना चुकायला नको. मग गाडी आष्टीला गेली, जीपही दोर बांधून बैलांनीच ओढत नेली, आणि इंजिन, जीप दोन्ही करीम उस्तादच्या अंगणात जाऊन पडली.

करीम उस्ताद आष्टीतला सगळ्यात नावाजलेला मेकॅनिक. बाजारतळाच्या कडेला लिंबाखाली त्याचं दुकान. लॉरीचं काय, बसचं काय, कानानं ओळखायचा. विहिरीचं इंजिन त्यानं आयुष्यात उघडलं नव्हतं, पण हे कबूल करण्यातला तो माणूस नव्हता. "फिकर नक्को करो फौजीसाब," तो आबांना म्हणाला. "इंजन वो इंजन. पाणी खींचो या गाडी खींचो, उसको क्या मालूम?"

जीपचा गिअरबॉक्स आणि हे इंजिन एकमेकांना जोडायला मधे एक जाड लोखंडी तबकडी लागत होती. ती जालन्याहून ओतून यायची होती. उस्ताद म्हणाला तीन दिवसांत, आली सहाव्या दिवशी. भोकं जमली नाहीत, परत गेली. मी मधून मधून बाजाराच्या निमित्तानं तिकडे जायचे. दुकानात जीप नाक उघडं टाकून उभी असायची, आत पोकळी, आणि उस्ताद त्या पोकळीत बसून चहा पीत असायचा. किती वेळ लागंल विचारलं की म्हणायचा, "दो चाय." त्याचं घड्याळ चहाचं होतं. एका चहाला अर्धा दिवस लागायचा, हे मला तिसऱ्या खेपेला कळलं. दहावा दिवस गेला, अकरावा गेला. मी भिंतीवर खडूनं रेघा मारत होते. माझ्या नोकरीचे दिवस एक एक करून त्या लिंबाखाली चहाबरोबर संपत होते आणि कुणाला काही घाई नव्हती.

त्यातच आबांना पेन्शनच्या कागदासाठी औरंगाबादला जावं लागलं. चार दिवस. ऑर्डर खिशात घेऊनच गेले.

इंजिन बसलं ते त्याच चार दिवसांत. बसवताना उस्तादला ते लाल अक्षर दिसलं. त्याला उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. शेजारच्या सायकलवाल्यानं वाचून दाखवलं, "तोंड लिहिलंय." बास. तोंड म्हणजे पुढची बाजू, हे काय सांगायला पाहिजे? त्यानं तोंड पुढं केलं, जाळीकडं. मागच्या अंगाला गिअरबॉक्स जोडला, खालून पट्ट्या वेल्डिंग करून टाकल्या, हॅण्डल मारायला पुढच्या टोकाला खाच पाडून घेतली. हॅण्डल नेहमीच्या बाजूनं मारलं तर इंजिन चालू होईना. कुणीतरी गमतीनं उलटं मारलं, तर पहिल्या झटक्यात धाडधाडलं. उस्ताद म्हणाला, "नई जगा है, नखरा करती."

चौदाव्या दिवशी आष्टीचा बाजार होता. आबा परत आले होते. मी गेले होते ते फक्त एवढंच बघायला की उद्या आपल्याला जायचंय की नाही. आबा इस्त्रीच्या खाकी कपड्यांत जीपमध्ये चढले. सगळा बाजार गोळा झाला, कारण अंगणात उभ्या जीपमधून विहिरीचा आवाज येत होता. आबांनी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि जीप झपकन मागं गेली. मागं पेरूंचा ढीग होता.

आबांना वाटलं गिअर चुकला. दुसरा टाकला. जीप आणखी जोरात मागं गेली. लोक बाजूला झाले. तिसऱ्यात काय होईल ते बघायची कुणाची छाती नव्हती. शेवटी त्यांनी रिव्हर्स टाकला, तर जीप कण्हत कण्हत, बारशाला निघालेल्या म्हातारीसारखी, पुढं सरकली.

मग आबा खाली उतरले, बॉनेट उघडून बघितलं आणि म्हणाले, "उस्ताद, तोंड पुढं केलं तुम्ही?"

"तुमीच लिखे ना उसपे! तोंड मने सामने."

"तोंड म्हंजी पट्टा लागतो ती बाजू! जिकडून काम करतं ते तोंड. विहिरीवर तोंड पाण्याकडंच असतं."

"गाडीमें पाणी कहाँ है फौजीसाब?"

घ्या. माझी नोकरी उद्या संध्याकाळी रद्द होणार होती, आणि अख्खा आष्टीचा बाजार इंजिनाचं तोंड कुठलं यावर भांडायला उभा राहिला. शेतकरी म्हणाले फौजी बराबर हाय, आमच्याकडं पट्ट्याच्या अंगालाच तोंड म्हणतात. लॉरीवाले म्हणाले, तोंड म्हणजे पंख्याची बाजू, इंजिन गाडीत असो की घरात. एक जण तर म्हणाला की तोंड खायचं असतं, म्हणून जिथून डिझेल जातं ते तोंड. एका शहाण्यानं समजावून सांगितलं की पट्ट्याकडून बघितलं तर इंजिन एका अंगानं फिरतं आणि पाठीकडून बघितलं तर दुसऱ्या, म्हणून पाठीकडून जोडलं की सगळं उलटं. ते सगळ्यांना पटलं, आणि भांडण तरी चालूच राहिलं. पेरूवाली तेवढी मुद्द्याचं बोलली. "तोंडाचं काय ते ठरवा मागून, माझ्या पेरूवरून आधी उतरा!"

उस्तादचा चेहरा उतरला होता. कानानं इंजिन ओळखणारा माणूस, आणि एका शब्दात फसला. "चार दिन दो फौजीसाब," तो हलक्या आवाजात म्हणाला. "पट्ट्या काटता, घुमाता, फिरसे जोडता. मेरी गलती."

"चार दिवस न्हाईत," आबा म्हणाले. "उद्या हजर व्हायचंय तिला."

मला वाटलं, सुटले. आता ऑर्डर निघेल खिशातून, आणि उद्या सकाळी मी बसनं जाईन. तेवढ्यात उस्ताद म्हणाला, "तो उलटी लेके जाओ. तीन गिअर है, मस्त भागती. सीधे में तो एकच."

आबांनी बॉनेट आदळून बंद केलं. "त्या गावात मी पाठीनं जाणार न्हाई," ते म्हणाले. "एक गिअर बास झाला."

घरी आल्यावर मी बोलले, आयुष्यात पहिल्यांदा, मोठ्यानं. म्हणाले, "नोकरी तुम्हाला लागली का मला?" माय चुलीपुढं तशीच थांबली. आबांनी बूट काढले, ओळीत ठेवले आणि म्हणाले, "पहाटं सहाला निघू."

निघालो. थंडी इतकी की श्वास दिसत होता. मांडीवर पत्र्याची पेटी, तिच्यावर आबांनी कालच माझं नाव लिहिलेलं. बाकीचं सामान मागं. माय बांधावर उभी राहून हात हलवत होती, आणि आम्ही इतक्या हळू चाललो होतो की तिचा हात दुखून खाली आला तरी आम्ही दिसतच होतो.

रिव्हर्स गिअरचा एक आवाज असतो. गाडी दोन मिनिटं मागं घेतानाही तो कानाला लागतो. तो आवाज आम्ही सबंध दिवस ऐकला. जीप चालत होती सायकलच्या चालीनं, तीही दमलेल्या सायकलच्या. एक सायकलवाला बराच वेळ आमच्याबरोबर चालवत राहिला. दुधाचे दोन कॅन लटकवलेले. आधी ‘कुठं निघाले’ विचारलं, मग पावसापाण्याचं बोलला, मग सोयरीक निघते का ते बघितलं. शेवटी न राहवून म्हणाला, "गाडीत काही बिघाड झाला का?"

"न्हाई," आबा म्हणाले. "चालून राह्यली की."

तो पुढं निघून गेला. मला खाली उतरून त्याच्या कॅरिअरवर बसावंसं वाटलं.

दर तासाला इंजिन तापायचं. मग विहीर बघून थांबायचं, पाणी आणायचं, ओतायचं, वाफ जिरायची वाट बघायची. वेचणाऱ्या बायका ओटीत कापूस घेऊन बांधावर यायच्या, पदर तोंडाला लावून हसायच्या. ऊन चढलं, धूर केसांत बसला, नवीन पातळाच्या निऱ्यांवर तेलाचा ठिपका पडला. पण आज त्या रस्त्याचं जे आठवतं ते सुंदरच आठवतं, याचाही मला राग येतो. दोन्ही बाजूंना पांढरी शेतं, मधे तुरीच्या पिवळ्या ओळी, उसाच्या फडातून येणारा गोड दमट वास, आणि इतक्या हळू जाताना प्रत्येक झाड नीट ओळख करून घेतल्यासारखं जवळ यायचं आणि जायचं. बसनं गेले असते तर यातलं काहीच दिसलं नसतं. पण मला तेव्हा काहीही बघायचं नव्हतं. मला सही करायची होती.

नऊच्या सुमाराला मागून एस.टी. आली. हॉर्न देत बाजूनं गेली आणि पुढं जाऊन थांबली. गाडी बंद पडली असं समजून कंडक्टरनं दारातून डोकं काढलं. "बाई, घनसावंगीला का? या, जागा हाय."

मी आबांकडं बघितलं. त्यांनी जीप थांबवली. खिशाचं बटण काढलं, ऑर्डर काढली आणि माझ्यापुढं धरली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. नजर समोर रस्त्यावर. मी कागद घेतला. एक पाय खाली टाकला. कंडक्टरनं बेलच्या दोरीला हात लावलेला. मला आजही सांगता येत नाही की मी परत का बसले. प्रेम वगैरे काही नव्हतं त्यात, तसं म्हणणं खोटं होईल. इतका संताप आला होता की तो सोडून बसमध्ये जाववेना, एवढंच. "जाऊ द्या," मी कंडक्टरला ओरडले. आबांना म्हणाले, "चला. काय बघता?"

आबांनी गिअर टाकला. ऑर्डर मी पेटीत ठेवली. पुढच्या सहा-सात तासांत मधे कुठंतरी त्यांनी बाजूच्या फडातून उसाचं एक टिपरू आणून माझ्या मांडीवर ठेवलं. मी ते रागारागानं सोलून खाल्लं.

गावात शिरलो तेव्हा सव्वाचार वाजले होते. आबा सीटवर ताठ बसले. रस्ता त्यांनी कुणालाच विचारला नाही. वेशीतून आत, पारावरून डावीकडं. पारावरची माणसं उठून उभी राहिली, आवाजानंच. जीप आपल्या चालीनं, पुढच्या अंगानं, शाळेच्या पायरीला जाऊन लागली. मुलं खिडक्यांत गोळा झाली. आबांनी उतरून माझ्या बाजूला येऊन पेटी खाली घेतली, पायरीवर ठेवली.

मी पेटीतून ऑर्डर काढली आणि धावतच आत गेले. हेडमास्तर वयस्क, सौम्य गृहस्थ होते. त्यांनी ऑर्डर बघितली, घड्याळ बघितलं, म्हणाले, "शेवटच्या दिवशी आलात बाई, पण आलात." खुर्ची दिली. हजेरीपुस्तक काढलं. शिपायानं ताटलीत पाण्याचा पेला आणून माझ्यापुढं धरला. मग हेडमास्तरांनी दाराकडं बघत विचारलं, "सोबत कोण आलंय?"

मी बोलणार तेवढ्यात बाहेरून आवाज आला. पायरीच्या खालून.

"मी डायवर हाय, साहेब. बाईंना सोडायला आल्तो."

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहिते. बरं झालं, असं आलं. अंगभर धूळ, कान बधिर, पातळावर तेल. कोण, कुठले, आडनाव काय, उलटी गाडी का आणली, हे सगळं आता सांगत बसावं लागणार नाही. मी पेला तोंडाला लावला.

"ड्रायव्हरला पाणी दे रे," हेडमास्तर म्हणाले. शिपाई तांब्या घेऊन गेला. दारातून मला दिसत होतं. आबा पायरीखाली जरासे वाकले, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली, आणि शिपायानं वरून पाणी ओतलं. त्याच्या मनात काही नसेलही, ड्रायव्हरला तसंच देत असतील. पण आबा घरी फौजेच्या मगातून पाणी प्यायचे, दुसऱ्या कुणाला त्या मगाला हात लावू देत नसत. ते असं पिताना मी कधी बघितलं नव्हतं. आणि त्यांना ते इतकं नीट येत होतं. बोटं घट्ट जुळलेली, कोपर बाहेर, थेंबसुद्धा खाली सांडला नाही.

मी पेला घेऊन उठले. उंबऱ्यापर्यंत गेले. आबांनी तोंड पुसलं, माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. नको.

"बसा बाई आत," ते म्हणाले. "सही राह्यली तुमची."

त्यांनी मला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं.

मी आत येऊन बसले आणि सही केली. बाहेर इंजिन धाडधाडलं. जाताना त्यांना पाठीनं जायला हरकत नव्हती. तिन्ही गिअर होते, आबांनी मान मागं वळवून जीप सुसाट नेली आणि दिवस मावळायच्या आत घरी पोचवली, असं मायनं मागून सांगितलं. मान आठ दिवस अवघडली होती म्हणे.

उस्तादनं पुढच्या आठवड्यात इंजिन फिरवून दिलं. मी त्या शाळेत चार वर्षं होते. सुट्टी संपली की आबा मला सोडायला यायचे, दर वेळी पायरीला गाडी लावायचे, दर वेळी खालीच थांबायचे. हे माझे वडील आहेत, हे सांगायचं मी दर वेळी ठरवत होते. पण पहिल्या दिवशी न सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी सांगायला दुप्पट अवघड जाते, आणि पुढं तर सांगायचं म्हटलं की ‘मग तेव्हा का बोलला नाहीत’ याचंही उत्तर द्यावं लागलं असतं. हेडमास्तर त्यांच्यावर खूष होते. माझी बदली झाली तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, शिक्षक आम्हाला पुष्कळ मिळतील, पण असा वेळेवर येणारा ड्रायव्हर कुणाला मिळायचा नाही." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.